जिन्यातली वजाबाकी

४ मार्च

दादा,

वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही. मुद्दामच लिहिलेलं नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेल पाठवावा तर तो तुझ्या कंपनीचा, तुझ्या आधी चार जण वाचणार. म्हणून कागद. पाकीट वहिनीच्या नावाने टाकतेय. ती ते तुझ्या हातात देईल आणि वाचून होईपर्यंत समोरून हलणार नाही, एवढी माझी तिच्यावर भिस्त आहे. तुझ्यावर नाही.

तुमच्या कंपनीने केलेला शहराच्या नव्या पाणीयोजनेचा अहवाल काल आमच्या कार्यालयात आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हसणारी बाई, तिच्या हातात पाण्याचा पेला. आमच्या बघूसाहेबांनी (नाव तूच ठेवलंस, आठवतंय ना? अजूनही प्रत्येक गोष्टीला "हो, बघू" म्हणतात) तो दोन्ही हातांनी उचलून तोलला आणि म्हणाले, "छान काम झालंय." उघडला नाही. मी उघडला.

तिसऱ्या प्रकरणात एक तक्ता आहे. उन्हाळ्यात शहराला किती पाणी मिळू शकेल, त्याचा. पहिली ओळ नदीची. तो आकडा माझा, खालच्या पुलापाशी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मोजलेला. दुसरी ओळ काठावरच्या विहिरींची. तो आकडा तुझा. त्याखाली एक आडवी रेघ आणि रेघेखाली बेरीज.

बेरीज, दादा!

पाऊस थांबून महिने उलटले की नदीत पाणी कुठून येतं? हे मला कुणी शिकवलं? काठाच्या वाळूत मुरलेलं पाणी झिरपत झिरपत पात्रात उतरतं, तीच आपली उन्हाळ्यातली नदी. तू ते काठात असताना मोजलंस, मी ते पात्रात उतरल्यावर मोजलं. पाणी तेच. तुझा आकडा माझ्या आकड्याच्या पोटात आहे. तुमच्या तक्त्याने त्याला तिथून बाहेर काढून माझ्या शेजारी उभा केला आणि शहराला सांगितलं, बघा, दुप्पट झालं.

तुला ती सुट्टी आठवते? तू तुझ्या दोन मित्रांना सांगितलंस, "या राहायला, माझी खोली आहे." मी माझ्या मैत्रिणीला आणि तिच्या बहिणीला सांगितलं, "या, माझी खोली आहे." चौघंही एकाच सकाळी पिशव्या घेऊन दारात. आई म्हणाली, "आपल्या घरात दोन खोल्या कधीपासून झाल्या?" आपण दोघंही खोटं बोललो नव्हतो. खोली तुझी होती आणि माझीही होती. ती एकच होती, एवढंच कुणी पाहुण्यांना सांगितलं नव्हतं.

आता पाहुणा म्हणजे अख्खं शहर आहे.

याच बेरजेवर योजना झाली तर शहर नदीतूनही उचलणार आणि विहिरींतूनही उपसणार. माझ्या आकड्यातून खालच्या गावाचा वाटा मी आधीच बाजूला काढलेला आहे, तो तुमचे पंप काठाच्या आतून ओढून घेतील. एप्रिल लागला की खालचं गाव नदीतून पाणी उचलतं त्या जॅकवेलपर्यंत नदी पोचणारच नाही. खालच्या गावात कोण राहतं ते मी लिहीत नाही. पत्ता तुला पाठ आहे.

मी बघूसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही नदीच्या. विहिरींचं तुम्ही कसं बोलणार? ज्याचा आकडा त्याने मागे घेतला तर गोष्ट वेगळी." म्हणजे तू. पाणीसमितीची सुनावणी एप्रिलच्या मध्यावर आहे. तिथे येऊन तुला एकच वाक्य बोलायचं आहे: हे पाणी वेगळं नाही. तेवढं बोल आणि मग पुन्हा आयुष्यभर माझ्याशी बोलू नकोस. माझी काही तक्रार नाही.

तुझा आकडा चुकलेला असता किंवा तू तो फुगवलेला असतास तर मला बरं वाटलं असतं. शिव्या घालून मोकळी झाले असते. पण मी तो तीनदा तपासला. बरोबर आहे. याचाच मला जास्त संताप येतोय.

काडी


१३ मार्च

दादा,

तुझं उत्तर मिळालं. आईकडून.

नळाचा वॉशर गेलाय म्हणून तिने फोन केला होता. मधेच म्हणाली, "आणि दादाने सांगितलंय, त्याचा आकडा बरोबर आहे म्हणून." मी म्हटलं, "बरोबर आहे ते मीच त्याला लिहिलंय!" त्यावर ती म्हणाली, "मग झालं तर, तुमचं एकमत आहे." आणि फोन ठेवला. ऐंशी वर्षांच्या बाईच्या तोंडून निरोप पाठवतोस आणि तोही अर्धवट. तोंडात गुळणी धरून बसायची तुझी जुनी सवय, आता तिलाही त्यात ओढलंयस.

आकडा बरोबर आहे! पोस्टमन पत्र बरोबर दारावर टाकतो, मग आत घराला आग लागलेली असली तरी त्याला काय, तसं झालं हे.

मला माहीत आहे तू मनात काय म्हणत असशील. बेरीज मी केली नाही, कंपनीतल्या कुणीतरी केली. खरं आहे. ज्याने केली त्याला मी परवा फोन केला. चांगला शिकलेला मुलगा आहे, नम्रपणे बोलतो. म्हणाला, "मॅडम, दोन खात्यांचे दोन आकडे आहेत, दोन्हींवर तज्ज्ञांच्या सह्या आहेत. बेरीज नाही करायची तर काय करायचं?" त्याला काय सांगू? की बाबा रे, यांची वजाबाकी जिन्यात व्हायची?

कुणाला सांगितलं तर हसतील. वरच्या मजल्यावर भूजल, खालच्या मजल्यावर नद्या. दोन साहेब, दोन अहवाल, आणि एकमेकांशी बोलायचं असा नियम कुठेही नाही. आपण मधल्या वळणावर बसून डबा खायचो ते तिथल्या खिडकीला वारा येतो म्हणून. तू म्हणायचास, "त्या वाळूच्या पट्ट्यात एवढं निघालं." मी तोंडात घास असतानाच म्हणायचे, "ते माझ्यात आलंय." आणि तू तिथल्या तिथे कागदावर काट मारायचास. वीसेक वर्षं या खोऱ्याच्या पाण्याचा हिशेब बरोबर राहिला तो खात्यामुळे नाही आणि साहेबांमुळे तर नाहीच नाही. दोन भावंडं जिन्यात बसून जेवत होती म्हणून राहिला.

मग तू कंपनीत गेलास. तुझी वरची खुर्ची कुणी भरली नाही. भूजल आता कंत्राटाने मोजून घेतात, तुमच्याच कंपनीकडून. आपल्या वळणावर जुन्या फायलींचं लोखंडी कपाट आणून ठेवलंय आणि त्याच्यामागे खिडकी बंद झालीय.

तू म्हणशील, निरोपाच्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं. का नको? दोन शब्द बोला म्हणाले. मी दोनच बोलले: "विकला गेला." सगळ्या कचेरीसमोर बोलले आणि आजही मला त्यातला एकही शब्द परत घ्यायचा नाही. तू हारतुरे खाली ठेवून माझ्याजवळ आलास आणि हळूच म्हणालास, "नदी डोळ्यांना दिसते ना, म्हणून तुला वाटतं पाणी तुझंच." हे मात्र मला लागलं. तीन वर्षं झाली, अजून लागतंय. तुझं पाणी कुणाला दिसत नाही, त्याचे फोटो येत नाहीत, त्यावर पूल नसतो, हे मला माहीत नव्हतं का? तुझ्या खात्याला नवी गाडी कधीच मिळाली नाही आणि माझ्या खात्याला दोन मिळाल्या, हे मी बघत नव्हते का? पण मग हे जेवताना सांगायचंस. जाताना नाही.

त्यानंतर तू टेबल आवरत होतास तेव्हा मी वरच्या मजल्यावर आले नाही म्हणशील. नाही आले. का यावं? मी लहान आहे.

वॉशर मी बदलून देईन. ते तरी माझ्या खात्यात येतं.

काडी


२५ मार्च

दादा,

आज सुट्टीवर आहे. बरीच रजा साठली होती, कंटाळाही आला होता, घेऊन टाकली.

तुझं उत्तर नाही. वहिनीने कळवलंय की तू दोन्ही पत्रं वाचलीस आणि कपाटात ठेवलीस. फाडली नाहीस, याचं मी काय करू? लोणचं घालू?

आता नीट वाच, कारण हे भावाला नाही, भूजलवाल्याला लिहितेय.

मी एकटीने कितीही ओरडले तरी समिती म्हणणार, बाईंचा अंदाज आहे. त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. वरच्या पुलापाशी नदी जेवढी असते त्याहून खालच्या पुलापाशी जास्त असते, कारण मधल्या पट्ट्यात काठातून पाणी येऊन मिळतं. त्याच पट्ट्यात तुमच्या चाचणीच्या विहिरी आहेत, पंप बसवलेले आहेत आणि किल्ल्या तुझ्याकडे आहेत. ते सगळे पंप आठवडाभर सलग चालव. पाणी परत नदीत सोडू नकोस, बांधापलीकडच्या जुन्या कालव्यात सोड. मी रोज दोन्ही पुलांपाशी नदी मोजते. मी म्हणते ते चूक असेल तर खालचा आकडा हलणार नाही, आणि तू मला मान खाली घालायला लावायला मोकळा. बरोबर असेल तर जेवढं तू उपसशील तेवढीच नदी खाली कमी होईल.

तुझ्या कंपनीच्या चकाकीसाहेबांना विचारू नकोस. (ज्याच्या बुटात आपलं तोंड दिसतं त्याला मी आणखी काय म्हणणार?) मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, चाचण्या संपल्या आहेत, पंपांना सील आहे, शिवाय शहराला पाणी हवंय आणि तुम्हाला वाद हवाय.

शहराला पाणी हवंय, हे मला ऐकवतात! मी कुठे राहते? याच शहराच्या नव्या वस्तीत, चौथ्या मजल्यावर, जिथे नळ आहे आणि नळात हवा आहे. एक दिवसाआड टँकर येतो. मी बादल्या घेऊन खाली उभी असते, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू मला सगळ्यांदेखत विचारतात, "तुम्ही पाणीखात्यात ना? मग कधी येणार आमचं पाणी?" ही योजना झाली तर पहिलं पाणी आमच्या वस्तीला येणार आहे. मला ते नकोय असं वाटतं का तुला? मला ते इतकं हवंय की त्या मुखपृष्ठावरच्या बाईच्या हातातला पेला हिसकावून घ्यावासा वाटतो. पण आईच्या नळातून काढून माझ्या नळात घातलेलं पाणी मी नवीन पाणी म्हणू शकत नाही. तूही म्हणू शकत नाहीस. तुझ्या कंपनीचं मला माहीत नाही.

गेल्या रविवारी आईकडे गेले होते. वॉशर बदलला. तिला सगळं सांगितलं, खालच्या गावाचं काय होईल तेही. म्हटलं, वेळ आली तर माझ्याकडे चल. ती म्हणाली, "तुझ्याकडे टँकर. त्याच्याकडे तुमचं भांडण. मी इथेच बरी आहे." मग नळ सोडून दोन पेले भरले, एक मला दिला आणि म्हणाली, "दोघांनाही मीच वाढवलं. कुठे चुकलं कोण जाणे."

मी उद्यापासून रोज सकाळी नदीवर असेन. कळवायचं असेल तर कळव. नसेल कळवायचं तर सांग आईला निरोप.

काडी


५ एप्रिल

दादा,

तू पंप चालू केलेस.

एक ओळ लिहिली नाहीस. एक फोन नाही. आईकडूनसुद्धा नाही! मी वेड्यासारखी रोज पाण्यात उतरतेय. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी खालच्या पुलापाशी मोजपट्टी बघितली तर पाणी उतरलेलं. मला वाटलं माझी नजर चुकली. चवथ्या दिवशी आणखी खाली. वरच्या पुलापाशी जाऊन आले, तिथे नदी होती तेवढीच. परत खाली आले, पुन्हा पात्रावर आडवी दोरी ताणली, पुन्हा एकेका टप्प्यावर उभी राहून कानातली टिकटिक मोजली. प्रवाहमापकाचं पातं एक फेरी फिरलं की एक टिक. नदी नेहमीची असली की टिकटिक मोजताना धांदल उडते. त्या दिवशी मधे दम घेता येत होता.

मग बांध चढून पलीकडे गेले. जुना कालवा, ज्यात पाणी गेलेलं कुणाच्या लक्षात नाही, तो वाहत होता. तीन कुत्री त्यात पाय घालून आरामात पाणी पीत होती. आणि पंपांची घरघर ऐकू येत होती.

मी बांधावर बसून मोठ्याने तुला शिव्या दिल्या. कुत्री निघून गेली.

इतका राग मला तू गेलास तेव्हाही आला नव्हता. अरे, सांगायचं ना! "काडे, उद्यापासून चालू करतोय." एवढे शब्द महाग झाले? तू ऐकलंस, तू केलंस, माझ्यासाठी नोकरी पणाला लावलीस, आणि मला ते नदीला विचारून कळतंय. मी रडले की काय असं वाटत असेल तर तसं काही नाही. बांधावर धूळ फार आहे.

आकडे सोबत जोडले आहेत. तू किती उपसत होतास ते मला माहीत नाही, कारण तू सांगितलेलं नाहीस. पण नदी जेवढी घटली त्यावरून मी तुझा उपसा काढलाय. ताडून बघ. जुळला नाही तर मी नाव बदलून घेईन.

आता एक. मागच्या पत्रात रजा घेतली असं लिहिलं होतं. घेतली नव्हती, दिली होती. मी अहवालाविरुद्ध टिपण लिहिलं, त्यावर बघूसाहेबांनी पहिल्यांदाच "बघू" न म्हणता "तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या" असं सांगितलं. माझा प्रवाहमापक कुलुपात गेला. मी मोजतेय तो तुझा जुना. वरच्या मजल्यावर तुझ्या जुन्या टेबलाच्या खालच्या खणात फडक्यात गुंडाळलेला होता, मी पहिल्यांदा नदीत उतरले तेव्हा तू माझ्या हातात दिला होतास तोच. मी आधी तो तपासून, जुळवून घेतला. पातं अजून गुळगुळीत फिरतं. भूजलात गेल्यावर हा तुला कशाला लागत होता, आणि तेलपाणी करून का ठेवला होतास, हे मी विचारणार नाही.

सुनावणीला मी उभी राहणार आहे. तू टेबलाच्या कुठल्या बाजूला बसायचं ते तू ठरव.

काडी


१७ एप्रिल

दादा,

काल तू तिथेच होतास, तरीही लिहिते. कारण तू सबंध वेळ समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होतास आणि तुला कुणाचेही चेहरे दिसलेले नाहीत.

मी आकडे मांडले. दोन पूल, एक आठवडा, वर नदी तशीच, खाली कमी. माझा आवाज चढला, मला माहीत आहे. समितीच्या अध्यक्षबाईंनी दोनदा चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मग तुमचे चकाकीसाहेब उठले. किती गोड बोलतो तो माणूस. "मॅडमची तळमळ आम्हाला समजते. पण उपकरण जुनं, मॅडम रजेवर, आणि आमचे पंप तर बंद होते. नदी आहे, थोडं कमीजास्त होणारच."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "पंप चालू होते याला काही आधार?"

मी म्हटलं, "जुना कालवा वाहत होता."

"कुठेतरी गळती असेल," चकाकीसाहेब म्हणाले, आणि खोलीभर हशा झाला. बघूसाहेबही हसले.  मी हातातले कागद टेबलावर ठेवले. त्या क्षणी मी तुझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम. तू गप्प बसलास तर ते बघायला मला नको होतं.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पंप मी चालू केले होते."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून?"

तू म्हणालास, "बहिणीच्या."

तू बघितलं नाहीस, म्हणून सांगते. चकाकीसाहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यातला अर्थ निघून गेला. बघूसाहेब एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. वीस वर्षं एकाच इमारतीत काढूनही आपलं नाक सारखं आहे हे त्यांच्या बहुतेक कालच ध्यानात आलं. तू पुढे म्हणालास, "तिचा आकडा बरोबर आहे. माझाही बरोबर आहे. पाणी एकच आहे. बेरीज चूक आहे."

मला वाटलं संपलं. जिंकलो. मी खाली बसले.

आणि अध्यक्षबाईंनी पेन उघडलं. "मग सोपं आहे की," त्या म्हणाल्या, "दोन्हींतला एक खोडायचा. विहिरीचं पाणी वाळूतून गाळून आलेलं असतं, शुद्ध करायला फारसं काही लागत नाही. नदीची ओळ खोडते."

दादा, मला बोलता आलं नाही. मला! जन्मभर कुणाला बोलू दिलं नाही आणि नेमक्या त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटेना. हिशेबाने बाईंचं काही चुकत नव्हतं. दोन वेळा मोजलं, एक खोडा. नदी खोडा. पेन कागदाला टेकत होतं आणि मी नुसती बघत होते.

तू म्हणालास, "नदी नका खोडू. माझा खोडा."

चकाकीसाहेब पुटपुटले, "अहो, तीन वर्षांचं काम आहे तुमचं."

"हो, माझंच आहे," तू म्हणालास. मग बाईंकडे वळून, मला लहानपणी समजवायचास त्या आवाजात म्हणालास, "नदीतून उचललं तर काठाला मोजपट्टी आहे. कुठे थांबायचं ते दिसतं. खालच्या गावाचा वाटा तिने आधीच काढून ठेवलाय. विहिरीतून उपसलं तर नदी आतून आटते. ती कधी आटली ते पंपाला कळत नाही. माझं पाणी दिसत नाही, बाई. जे दिसत नाही ते शहराच्या हातात देऊ नका. खोडा."

आणि त्यांनी खोडलं. रेघ सरळ आली नाही, मधे पेन अडकलं.

आता माझा राग ऐक. मी कागद गोळा करून बाहेर येईपर्यंत तू निघून गेला होतास. तुझा कंपनीचा पास दारातल्या टेबलावर पडला होता, उलटा. आत मोठेपणा करायचा आणि मला आभार मानायलाही ठेवायचं नाही, हीच तुझी रीत. त्या सुट्टीतही हेच केलं होतंस! दारात चौघं उभे होते आणि तू तुझ्या मित्रांना म्हणालास, "माझंच चुकलं, चला, तुम्हाला बसपर्यंत सोडतो." त्यानंतर कित्येक महिने आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, माझा मुलगा किती मनाचा मोठा. माझ्या मैत्रिणी खोलीत राहिल्या आणि मला एक दिवस गोड लागला नाही. आधी कुणी बोलावलं होतं, हे मात्र कुणीही विचारलं नाही. मी बोलावलं होतं.

या खेपेला मी तुला एकट्याला मोठं होऊ देणार नाही.

काडी


३० एप्रिल

दादा,

योजना कापून अर्धी झाली, हे तू वाचलं असशील. आमच्या वस्तीचं नाव पहिल्या टप्प्यातून गेलं. दुसरा टप्पा कधी, ते कुणी सांगत नाही. काकू माझ्याशी बोलत नाहीत. टँकरपाशी माझी बादली रांगेतून मागे सरकवलेली असते. कुणी सरकवली ते मी विचारत नाही आणि विचारलं तर भांडण होईल आणि भांडणात मी जिंकेन आणि तरीही पाणी येणार नाही.

आईचा फोन आला होता. नळाला धार चांगली आहे म्हणाली. "तुझ्याकडे आलं का ग?" म्हटलं, "आलं." तू तिला काही सांगू नकोस.

वहिनी म्हणते तू घरी असतोस, सगळ्या नळांचे वॉशर बदललेस, चांगल्या नळांचेसुद्धा. तिला त्रास देऊ नकोस.

मला परत कामावर घेतलंय. काल समितीचा अंतिम कागद आमच्याकडे आला. तक्त्यात आता एकच ओळ आहे, नदीची, आणि तिच्यापुढे माझं एकटीचं नाव. मी तो तसाच परत पाठवला. बघूसाहेबांना सांगितलं, हा आकडा दोघांनी मोजलेला आहे. एकाने तो कुठून येतो ते मोजलं, दुसरीने कुठे जातो ते मोजलं. पहिल्याची सही नसेल तर माझीही नाही. ते म्हणाले, "पण ते तर आता कुठल्याच खात्यात नाहीत." मी म्हटलं, "पाणी तरी कुठे आहे?" ते म्हणाले, "हो, बघू." मी म्हटलं, बघू नका, करा. आज सकाळी नवा कागद टेबलावर होता. सहीच्या दोन जागा आहेत. वरची तुझी, कारण तू मोठा. यावरही माझं मत वेगळं आहे, पण ते नंतर.

तू कचेरीत पाय ठेवणार नाहीस, ते मला ठाऊक आहे. माझ्या टेबलापाशी ये असं मी म्हणणारही नाही. तुझ्या जुन्या खुर्चीपाशी तर मुळीच नाही. पण जिना कुणाच्याच खात्यात येत नाही.

मी ते लोखंडी कपाट हलवलंय. शिपाई म्हणाला, परवानगी लागेल. मी एकटीनेच ढकललं, कठड्याचा टवका उडाला आणि माझी कंबर धरली. खिडकी उघडायला वंगण घालावं लागलं. वारा अजून येतो.

सोमवारी दुपारी, जेवायच्या वेळेला. कागद आणि पेन माझ्याकडे आहे. तुझा डबा तू आण, मी दोघांचा आणणार नाही. आणि वळणावर आलास की गप्प उभा राहू नकोस, दादा. आधी तू बोल. काहीही बोल. किती निघालं ते सांग, म्हणजे मला म्हणता येईल, ते माझ्यात आलंय.

काडी